कोलंबो, सुरकुत्यांचं क्रीम आणि खाजणारा हात: 'लव्हली बट लीथल'बद्दल

पावसाळी_कोट

'कोलंबो' ही जुनी अमेरिकन टीव्ही मालिका आणि तिच्यातला त्याच नावाचा पोलिस लेफ्टनंट, यांच्यावर इथे याआधीही धागे निघालेत. पण ते लेफ्टनंटचा चुरगळलेला कोट, ती खटारा प्यूजो ४०३ आणि दारापर्यंत जाऊन परत फिरून विचारलेला तो एक प्रश्न, यांच्यापुढे फारसे सरकत नाहीत. मला एकाच भागाबद्दल बोलायचंय. 'लव्हली बट लीथल', तिसऱ्या हंगामाचा पहिला भाग, २३ सप्टेंबर १९७३ रोजी एनबीसीवर लागलेला. चाहत्यांच्या आवडत्या भागांच्या याद्यांत हा फार वर कधी दिसत नाही. मला वाटतं, त्याच्याकडे खूनकथा म्हणून बघितलं जातं म्हणून तसं होतं.

पाहिला नसेल तर इथेच थांबा. खुनी कोण हे कोलंबोत पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच कळतं, ते फुटण्याची भीती नाही. पण तो पकडला कसा जातो ते मी खाली सांगून टाकणार आहे.

व्हिव्हेका स्कॉट (व्हेरा माइल्स) ही 'ब्यूटी मार्क' या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण. तिच्या प्रयोगशाळेत डॉ. मर्चिसन नावाचा, बाटलीच्या आहारी गेलेला रसायनतज्ज्ञ सुरकुत्या घालवणारं क्रीम शोधत असतो. त्याचा तरुण सहायक कार्ल लेसिंग (मार्टिन शीन) ते सूत्र लंपास करतो आणि व्हिव्हेकाचा कट्टर प्रतिस्पर्धी डेव्हिड लँग (व्हिन्सेंट प्राइस) याला विकायला काढतो. ही खबर व्हिव्हेकाला लागते कशी? लँगची सेक्रेटरी शर्ली ब्लेन ही व्हिव्हेकाची हेर आहे, म्हणून. दुसऱ्याच्या घरात हेर पेरणारी बाई स्वतःच्याच घरातून लुटली गेलीय, आणि ते तिला कळतंय चोराच्या गिऱ्हाइकाकडून.

व्हिव्हेका कार्लच्या घरी जाते. दोघांचं पूर्वी काही होतं आणि तिने ते तोडलेलं होतं. ती सौदा करायला गेलेली असते, तो जुने हिशेब काढतो. रागाच्या भरात ती जवळचा मायक्रोस्कोप उचलते, त्याच्या डोक्यात घालते आणि बरणी घेऊन निघते. मायक्रोस्कोपची काचपट्टी फुटलेली असते आणि त्या पट्टीवर असते पॉयझन आयव्ही, म्हणजे अंगाला लागली की खाज सुटणारी एक वेल. तपासाला आलेल्या कोलंबोचा हात त्या काचांना लागतो आणि त्याला भयंकर खाज सुटते. पुढे त्याला दिसतं की व्हिव्हेकाही हात खाजवतेय. पॉयझन आयव्ही काही कॅलिफोर्नियात उगवत नाही. मग लॉस एंजेलिसमधल्या या दोघांना ती लागली कुठे?

मधल्या काळात शर्लीला सगळा उलगडा होतो, ती दबाव आणते, आणि व्हिव्हेका तिला विष घातलेली सिगारेट देते. शर्ली गाडी चालवत असतानाच तिचा परिणाम होतो.

मला यात आवडतं ते हे: व्हिव्हेका सूत्रासाठी खून करत नाही. सूत्रासाठी ती पैसे मोजायला तयार होती. चोरी आणि खून यांच्यामधल्या त्या दोन-तीन मिनिटांत हा भाग खरा घडतो, आणि तिथे व्हेरा माइल्सचा चेहरा बघण्यासारखा आहे. तुमचं काय मत?

अर्धा_चहा

व्हेरा माइल्स उत्तम, मान्य. बाकी भाग ढिला आहे हो. व्हिन्सेंट प्राइससारखा माणूस हाताशी असताना त्याला दोन-चार प्रसंगांत गुंडाळलाय. मार्टिन शीन तर सुरुवातीलाच गार. खाज हा काय पुरावा झाला? मी अर्ध्यात चहा करायला उठलो.

पावसाळी_कोट

@अर्धा_चहा, आयडीला जागलात. प्राइसबद्दल पूर्ण सहमत. त्याला खुनी करून एक वेगळा भाग लिहायला हवा होता.

वनस्पतीवेडी

पॉयझन आयव्ही दक्षिण कॅलिफोर्नियात उगवत नाही हे बरोबर. पण तिची सख्खी बहीण तिथे मुबलक आहे: पॉयझन ओक, टॉक्सिकोडेंड्रॉन डायव्हर्सिलोबम. लॉस एंजेलिसच्या भोवतालच्या डोंगरांत, ओढ्यांच्या काठी, पायवाटांच्या कडेला सगळीकडे. दोन्हींत अंगाला लागणारा पदार्थ एकच, उरुशिऑल नावाचं तेल. नुसत्या पुरळाकडे बघून ते आयव्हीचं की ओकचं हे कुणीही सांगू शकणार नाही.

म्हणजे व्हिव्हेकाने फक्त एवढंच म्हणायचं होतं, "मी रविवारी डोंगरात फिरायला गेले होते." कोलंबो तिथेच आडवा.

न्यूजर्सीकर

वा! अखेर माझ्या दुखण्याला योग्य धागा मिळाला.

आमच्या मागच्या अंगणात कुंपणावर ही बया दरवर्षी चढते. तीन पानांचा झुपका दिसला की हात लावायचा नाही, हे इथल्या पोरांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवतात. आम्ही पडलो देशातून आलेले, आम्हाला वाटलं मस्त हिरवी वेल आहे. नुसत्या हातांनी उपटली. कोपरापर्यंत पाण्याचे फोड, रात्ररात्र झोप नाही, गुलाबी कॅलामाइन फासून ऑफिसला गेलोय. लोक समजले रंगपंचमी खेळून आलाय.

त्यामुळे कोलंबो हात खाजवतो तेव्हा इतर प्रेक्षक हसतात, मला हसू येत नाही. बाय द वे, हिवाळ्यात पानं गळाल्यावर नुसत्या वाळक्या वेलीनेही होतं.

कातडीवैद्य

इथे बोलणं भाग आहे.

उरुशिऑलची ॲलर्जी उशिरा उठणारी असते. ज्याच्या शरीराची या तेलाशी आधी ओळख झालेली आहे, त्याला स्पर्शानंतर साधारण एक ते दोन दिवसांत पुरळ येतं. आयुष्यात पहिल्यांदाच लागलं तर एक ते तीन आठवडेसुद्धा लागू शकतात, आणि काही लोकांना ते कधी होतच नाही. म्हणजे कोलंबो आणि व्हिव्हेका, दोघांनाही एवढ्या लवकर खाज सुटायची तर दोघांचीही जुनी ओळख हवी. कोलंबोचं जमतं, तो मूळचा न्यू यॉर्कचा, लहानपणी कुठेतरी लागलं असेल. व्हिव्हेकाचं काय? तर वनस्पतीवेडी यांचा पॉयझन ओक. तेल एकच असल्याने ओकशी ओळख झालेलं शरीर आयव्हीलाही तितकंच चिडतं. म्हणजे ज्या ओकमुळे पुरावा लटका पडतो, त्याच ओकमुळे तिला पुरळ येणं शक्य होतं!

वाळलेल्या तेलाचा प्रभाव मात्र खरंच टिकतो. हत्यारं, बूट, हातमोजे यांच्यावर ते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतं. काचपट्टीवर राहिलं असणं अगदी शक्य.

आणि एक गैरसमज: फोडांतल्या पाण्याने ते पसरत नाही. नव्या ठिकाणी उठतं ते तिथे तेल कमी लागलेलं असतं किंवा कातडी जाड असते म्हणून उशिरा उठतं. पहिल्या काही मिनिटांत साबण लावून भरपूर पाण्याने धुतलं तर बरंचसं वाचता येतं. व्हिव्हेकाने रक्ताचे डाग बघण्याऐवजी आधी हात धुतले असते तर?

आपल्याकडे ही जमात नवीन नाही. आंबा, काजू आणि बिब्बा ही सगळी त्याच कुळातली मंडळी. बिब्ब्याच्या तेलातले पदार्थ उरुशिऑलचे जवळचे नातेवाईक आहेत. बिब्बा उतलेला पेशंट मी बघितला की मला आयव्हीची पुस्तकातली चित्रं आठवतात, इतकं साम्य.

खाजणकर

डॉक्टरांना अनुमोदन. वेंगुर्ल्याकडचा आहे मी. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं बघा एकदा. टरफलातलं तेल लागून काळी पडलेली, सालटं निघालेली. राख नाहीतर तेल चोपडून बसतात, तरी व्हायचं ते होतंच. आणि आंबे काढताना देठाचा चीक तोंडाला लागला की ओठांच्या कडेला जे उठतं, ते कोकणात कुणाला समजावून सांगायला नको.

आमची आजी टाचेत काटा मोडला की बिब्बा तापवून लावायची आणि त्याच बिब्ब्यातली गोडंबी लाडवांत घालायची. कोलंबोला आमच्या घरी पाठवला असता तर त्याने आजीलाच अटक केली असती.

शाईचा_डाग

अवांतर, पण याच विषयातलं. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचीच शाई वापरायचे, धुतली तरी न जाणारी. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या गोऱ्या सैनिकांना मानेवर, कमरेवर, नेमकं खुणेच्या जागी पुरळ उठायला लागलं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी शोध घेतला आणि कारण निघालं धोब्याची खूण. त्यावर त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत लेख आहेत.

म्हणजे कपड्यावरच्या खुणेवरून माणूस शोधायचा आणि पुरळावरून खूण शोधायची, असा एक भाग मुंबईत घडवता आला असता. लिहितं का कुणी?

वनस्पतीवेडी

@शाईचा_डाग, हे भारी आहे!! वाचनखूण साठवली.

वकिलीणबाई

डॉक्टर आणि बॉटनी झालं असेल तर आता कोर्ट.

हा पुरावा माझ्यासमोर आला तर मी आरोपीच्या बाजूने अर्ध्या तासात घरी जाईन. पुरळ तिथेच लागलं हे सिद्ध होत नाही, त्याच दिवशी लागलं हे सिद्ध होत नाही, आणि लागलं तरी ती तिथे खुनाच्या वेळी होती हे तर मुळीच सिद्ध होत नाही. पण कोलंबोच्या निम्म्या केसेसचं हेच आहे. त्याचा पुरावा न्यायाधीशासाठी नसतोच. समोरच्या माणसाला आपण पकडले गेलोय असं वाटायला लावण्यासाठी असतो.

मला या भागात खटकलं आणि आवडलं ते वेगळंच. कॅलिफोर्नियात व्यापारी गुपित चोरणं हा १९६७ पासून फौजदारी गुन्हा आहे. त्याच्याही आधी दिवाणी दावा लावता येतच होता. मग व्हिव्हेका पोलिसांकडे का गेली नाही? कार्लने चोरी केली, माल घरात आहे, गिऱ्हाईक ठरलंय. एक फोन पुरला असता.

गेली नाही, कारण पहिला प्रश्न आला असता: "बाई, तुम्हाला हे कळलं कुठून?" आणि उत्तर आहे शर्ली. स्वतःचा हेर उघडा पाडल्याशिवाय तिला चोर दाखवता येत नव्हता. तिने लँगच्या ऑफिसात जे पेरलं, त्यानेच तिचा कायद्याचा रस्ता बंद केला. हे संवादांत कुणी उलगडून सांगत नाही, पण गोष्ट उभी आहे ती त्यावरच.

पावसाळी_कोट

@वकिलीणबाई, हे फार नेमकं. हेरगिरी काढली तर खून उरतच नाही, असं मला जे अंधुक वाटत होतं ते हेच. शर्ली नसती तर व्हिव्हेकाला एकतर कळलंच नसतं, किंवा मर्चिसनकडून कळलं असतं आणि ती सरळ वकील घेऊन गेली असती.

तुम्ही या कायद्यात काम करता का? उत्पादनाचं गुपित म्हणजे नक्की काय, यावर लिहा ना थोडं.

वकिलीणबाई

थोडंच लिहिते, नाहीतर धागा झोपेल.

अमेरिकेत या विषयावर वाचायला सगळ्यात मजेशीर खटला ड्यूपाँट या रसायन कंपनीचा. १९६९ साली टेक्सासमधल्या बोमाँटला त्यांचा मिथेनॉलचा कारखाना बांधून होत होता. छप्पर पडायचं होतं. कुणीतरी दोन फोटोग्राफर भाड्याने घेऊन वरून विमानातून फोटो काढवले. ते फोटो कुणासाठी, हे त्यांनी सांगायला नकार दिला. त्यांचा बचाव असा की आम्ही सार्वजनिक आकाशात होतो, कुणाच्या हद्दीत घुसलो नाही, लाच दिली नाही. १९७० मध्ये अपील कोर्ट म्हणालं, तरीही गैर. बांधकाम चालू असताना अख्ख्या कारखान्यावर छप्पर घाला अशी अपेक्षा मालकाकडून करता येणार नाही.

मुद्दा असा की नवी गोष्ट स्वतः शोधा, बाजारातली वस्तू विकत घेऊन तिची चिरफाड करून शिका, हे सगळं चालतं. आडवाटेने घेणं चालत नाही. लँगने दुकानातून क्रीमची बरणी घेऊन तपासली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. दुकानात यायच्या आधी घेतली, तिथे गुन्हा.

भारतात आजवर यासाठी वेगळा कायदा नाही. करार, विश्वासभंग, झालंच तर आयटी कायदा, असं ओढूनताणून चालवतो आम्ही. विधी आयोगाने २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केलीय, मसुद्यासकट.

पांढरा_कोट

औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये आयुष्य गेलंय, त्यामुळे हा भाग बघताना माझा जीव दुसऱ्याच कारणाने वरखाली होत होता. अहो, ती कसली प्रयोगशाळा! सहायक येतो, बरणी उचलतो, घरी नेतो. घरी मायक्रोस्कोप!

खऱ्या लॅबमध्ये वहीची पानं छापील नंबरांची असतात, पान फाडायचं नाही, खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ आणि सही. दुसरा माणूस वाचून साक्षीदार म्हणून सही करतो. प्रत्येक बॅचला नंबर, किती ग्रॅम बनलं, किती वापरलं, किती उरलं याचा हिशेब. शेवटी आकडा जुळला नाही तर बोंब होते. मर्चिसन पीत असेना का, वही नीट असती तर कार्ल पहिल्याच संध्याकाळी सापडला असता.

पण, आणि हा पण मोठा आहे, चोरी वहीतून होतच नाही. मी एका ठिकाणी होतो (नाव सांगत नाही), तिथे कुलपं, कॅमेरे, सगळं होतं. आमची एक कोटिंगची युक्ती बाहेर गेली ती अशी, की एक अनुभवी ऑपरेटर दुसरीकडे जास्त पगारावर गेला. त्याने एक कागद नेला नाही. कुठल्या तापमानाला किती वेगाने फवारायचं हे त्याच्या हातात होतं. त्याला काय अडवणार, आणि का अडवावं? त्याला इथे वर्षानुवर्षं बढती दिली नव्हती.

म्हणून मला कार्लपेक्षा शर्ली खरी वाटली.

मधली_सुट्टी

शर्लीबद्दल कुणीतरी बोललं एकदाचं!

ती बिचारी सगळ्या भागभर धास्तावलेली, चोरून सिगारेट ओढणारी. लँग तिला गृहीत धरतो, व्हिव्हेका तिला वापरते. तिला हवं काय, तर टेबलाच्या पलीकडची खुर्ची. ब्लॅकमेल करतानाही ती पैशांची पेटी मागत नाही, मोठ्या कंपनीत मोठी जागा मागते. आणि व्हिव्हेका ती देण्याचं नाटक करते, हे बघवत नाही.

कोका-कोलाचं २००६ चं प्रकरण आठवतं का? अटलांटाच्या मुख्यालयातल्या एका सेक्रेटरीने गोपनीय कागद आणि बाजारात न आलेल्या पेयाचा नमुना बाहेर काढला, साथीदारांनी पेप्सीला पत्र पाठवलं. पेप्सीने ते पत्र सरळ कोका-कोलाला दिलं! मग एफबीआयचा माणूस गिऱ्हाईक बनून गेला, कुकीच्या खोक्यात तीस हजार डॉलर भरून. त्या बाईला आठ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे खऱ्या आयुष्यातला लँग पहिल्या दिवशीच व्हिव्हेकाला फोन करतो आणि पुढचा सगळा भागच होत नाही.

अर्धा_चहा

भागापेक्षा धागा चांगला चाललाय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, उठणार नाही.

आरसेमहाल

सौंदर्यप्रसाधनांच्या जगाबद्दल थोडी भर. हे क्षेत्र लेखकाने उगाच निवडलेलं नाही.

एलिझाबेथ आर्डन आणि हेलेना रुबिनस्टाइन या प्रसाधनांच्या धंद्यातल्या दोन बड्या मालकिणी न्यू यॉर्कमध्ये एकमेकींच्या इतक्या जवळ राहून, धंदा करून आयुष्यभर एकदाही समोरासमोर भेटल्या नाहीत असं म्हणतात. आर्डनने रुबिनस्टाइनची माणसं फोडली, रुबिनस्टाइनने आर्डनच्या घटस्फोटित नवऱ्यालाच नोकरीवर ठेवलं. १९६५ आणि १९६६ मध्ये दोघी पाठोपाठ गेल्या. म्हणजे ही मालिका आली तेव्हा प्रेक्षकांना 'प्रसाधनसम्राज्ञी' म्हटलं की डोळ्यासमोर यायला ताजे चेहरे होते. व्हिव्हेकाचं ते वजन कमी करायचं आलिशान केंद्र आहे ना, तसं आर्डनचं 'मेन चान्स' १९३४ पासून होतं.

आता क्रीम. १९६० च्या दशकात अमेरिकेत 'सडन चेंज' आणि 'लाइन अवे' नावाची सुरकुत्यांची लोशनं आली. आत काय, तर गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. सुकलं की चेहऱ्यावर पापुद्रा ताणला जायचा, काही तास सुरकुत्या दिसायच्या नाहीत, धुतलं की परत जैसे थे. सरकारी औषध प्रशासनाने माल जप्त केला. १९६९ मध्ये दोन वेगवेगळ्या अपील कोर्टांनी निकाल दिला की आत काहीही असो, जाहिरातीत दावे असे केलेत की कायद्याने हे औषधच ठरतं. आणि औषध म्हटलं की चाचण्या, परवानगी, वर्षानुवर्षं.

भागाच्या लेखकांना हे माहीत असो-नसो, व्हिव्हेकाचं क्रीम खरंच काम करत असतं तर तेच तिच्या धंद्याला बाधलं असतं. सुरकुत्या लपवणारी बरणी उद्यापासून विकता येते. खरोखर घालवणारी बरणी सरकारदरबारी अडकते.

पांढरा_कोट

@आरसेमहाल, शंभर टक्के. आजही लेबलवर "सुरकुत्या कमी दिसतात" असंच लिहितात. तो 'दिसतात' वकिलाने घातलेला असतो.

आरसेमहाल

अजून एक, मग गप्प बसते. हा भाग प्रसारित झाला त्याच्या दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये, अमेरिकेत ट्रेटिनॉइनला मुरुमांवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली होती. वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका डॉक्टरांना सांगायला लागल्या की मुरुमांचं जाऊ द्या, चेहरा तुकतुकीत झालाय. सुरकुत्यांसाठी रीतसर मान्यता मिळायला १९९५ उजाडलं. म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्या पडद्यावर ज्या बरणीसाठी एकमेकांच्या जिवावर उठल्यात, तिच्या जवळपासचं काहीतरी तेव्हा औषधाच्या दुकानात मुरुमांच्या नळीत होतं.

आणि त्याची काळी बाजूही आहे. त्या औषधामागचे डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले, प्रसाधनांचेसुद्धा. ते १९७४ मध्ये थांबले. भागात क्रीम तपासायला खुर्चीत बसवलेली बाई दाखवतात तेव्हा मला ते कैदी आठवतात.

कातडीवैद्य

हे आम्हाला शिकवताना ट्रेटिनॉइन शिकवतात, होम्सबर्ग शिकवत नाहीत. चांगलं केलंत लिहिलंत.

उलटा_धागा

धागाकर्त्याला प्रश्न. हेरगिरी आणि खून यांचीच जोडी हवी असेल तर १९७१ चा 'डेथ लेंड्स अ हँड' जास्त घट्ट नाही का? खाजगी गुप्तहेर संस्थेचा मालक ब्रिमर (रॉबर्ट कल्प) वृत्तपत्रसम्राटाच्या बायकोची भानगड पकडतो, नवऱ्याला कळवत नाही, आणि बदल्यात तिच्याकडून नवऱ्याच्या आतल्या बातम्या मागतो. ती नाही म्हणते, उलट धमकावते, रागात तो तिला मारतो. पुढे तोच नवरा त्याला खुनाच्या तपासासाठी नेमतो! पुरावाही बघा: मेलेल्या बाईची कॉन्टॅक्ट लेन्स. कोलंबो ब्रिमरच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बटाटा कोंबून गाडी गॅरेजमध्ये पाठवतो आणि ब्रिमर स्वतःच लेन्स शोधायला येतो. खुन्याला स्वतःहून हालचाल करायला लावणं, हे खाजेपेक्षा कितीतरी पुढचं. लेव्हिन्सन आणि लिंक या निर्मात्यांनी स्वतः लिहिलेला भाग, त्यांना त्यासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं.

पावसाळी_कोट

@उलटा_धागा, तो रचनेने सरसच आहे, वाद नाही. पण दोन्हींत एक साम्य बघा. ब्रिमरही मारायला गेलेला नसतो, व्हिव्हेकाही नाही. दोघंही माहितीचे व्यापारी, दोघांनाही समोरचा माणूस 'नाही' म्हणेल असं वाटलेलंच नसतं. बाकी बऱ्याच भागांत खुनी महिनाभर आधी वेळापत्रक आखतो, टेलिफोन, घड्याळं, अलिबाय. हेरगिरीच्या या दोन भागांत मात्र हात आधी चालतो.

फरक कुठे, तर ब्रिमर गेला की आपल्याला काही वाटत नाही. व्हिव्हेकाचं वाटतं. वय उतरलेल्या बाईने वय लपवायची वस्तू विकायची, आणि तिला हरवणारा तिच्याहून तरुण. व्हेरा माइल्सने हे कुठेही रडून दाखवलेलं नाही.

वकिलीणबाई

वाटतं पहिल्या खुनापर्यंत. शर्लीला सिगारेट देताना तिचा चेहरा बघा परत. तो राग नाही. माझी सहानुभूती तिथे संपली.

मधली_सुट्टी

+१००. तिथे ती मालकीण होते परत.

पावसाळी_कोट

@वकिलीणबाई, पुन्हा बघितला तो प्रसंग. त्या सिगारेटला 'हात आधी चालला' हे लागू होत नाही, ती ठरवून दिलेली आहे. ते वाक्य पहिल्या खुनापुरतंच धरा.

न्यूजर्सीकर

एक व्यावहारिक शंका, डॉक्टर आहेत तोवर विचारून घेतो. आमचं कुत्रं रोज त्या कुंपणाशी लोळतं, त्याला काहीच होत नाही. पण त्याला जवळ घेतलं की मला होतं. माझ्या मनाचे खेळ आहेत का?

कातडीवैद्य

अजिबात नाही. केसांमुळे तेल कुत्र्याच्या कातडीपर्यंत पोचत नाही, पण केसांवर बसून तुमच्या हातापर्यंत आरामात येतं. रबरी मोजे घालून साबणाने अंघोळ घाला, आणि वेल कापल्यावर जाळू मात्र नका, तो धूर छातीत गेला तर हॉस्पिटलच.

अर्धा_चहा

म्हणजे कोलंबोचं ते झोपाळू बॅसेट हाउंड घटनास्थळी लोळलं असतं, तर व्हिव्हेकाच्या वकिलाला अजून एक फाटा मिळाला असता. "साहेब, आमच्या अशिलाने फक्त लेफ्टनंटच्या कुत्र्याला कुरवाळलं."

वकिलीणबाई

@अर्धा_चहा, सोमवारी माझ्या ऑफिसात या. ज्युनिअरची जागा रिकामी आहे.